विमान देखभालीतील अयोग्य सुटे भाग

विमान देखभालीतील अयोग्य सुटे भाग : विमानाची तपासणी, दुरुस्ती किंवा पुनर्जोडणी करताना निर्मात्याने निश्चित केलेल्या भागाऐवजी वेगळ्या मापाचा, वेगळ्या धातूचा, दुसऱ्या प्रतिमानाच्या विमानासाठी बनविलेला अथवा बनावट भाग बसविला जाणे, तसेच आवश्यक भाग बसवावयाचाच राहून जाणे, या चुकांचा विचार या विषयात होतो. वैमानिकाची चूक, हवामान आणि मूळ अभिकल्पातील दोष या कारणांच्या मानाने अशा चुकांमुळे झालेले अपघात थोडे आहेत. तथापि त्यांचे वैशिष्ट्य असे की, चूक जमिनीवर घडते आणि तिचा परिणाम आकाशात दिसतो, तोही कित्येकदा काही तासांनी, तर कधी काही वर्षांनी. चूक करणारा माणूस त्या वेळी विमानात नसतो. बहुधा रात्रपाळी संपवून तो घरी झोपलेला असतो.

प्रवासी विमानात लक्षावधी सुटे भाग असतात. त्यांपैकी प्रत्येकाला निर्मात्याने एक क्रमांक दिलेला असतो. हे क्रमांक आणि भागांच्या आकृत्या ज्यात असतात, त्या ग्रंथाला सचित्र भागसूची म्हणतात. कोणता भाग कोठे, कोणत्या दिशेने व किती पीळ देऊन बसवावयाचा, हे देखभाल-पुस्तिकेत सांगितलेले असते. भांडारातून निघणाऱ्या भागाबरोबर तो कोणी बनविला, कोणी तपासला आणि तो वापरण्यास योग्य आहे, असे सांगणारे प्रमाणपत्र असावे लागते. वरवर पाहता ही सारी कारकुनी वाटते. परंतु दोन बोल्ट शेजारी ठेवले असता त्यांपैकी योग्य कोणता हे डोळ्यांना सांगता येत नाही. ते केवळ क्रमांक व कागद यांवरूनच कळते. विमान देखभालीचा इतिहास हा बऱ्याच अंशी या कागदावरचा विश्वास कसा निर्माण झाला आणि कोठे कोठे ढळला, याचा इतिहास आहे.

आरंभीचा काळ : विमानविद्येच्या पहिल्या तीन दशकांत विमाने लाकूड, कापड व तारा यांची असत. भाग थोडे असत आणि ते बसविणारा कारागीर पुष्कळदा ते स्वतःच घडवीत असे. भारतातील नियमित हवाई टपालसेवेचा प्रारंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे लहानसे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू येथे आणले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत सेवेचा तळ पुण्यास येरवडा येथे हलवावा लागे. अशा परिस्थितीत विमानाची देखभाल म्हणजे मोजक्या माणसांच्या हातातील कसब होते. कोणता भाग कोठून आला, हे त्यांना तोंडपाठ असे. नोंदींची गरज त्या मानाने कमी भासे. पुढे विमाने धातूची झाली, संख्येने वाढली, आणि ज्याने भाग बनविला, ज्याने साठविला व ज्याने बसविला ती माणसे एकमेकांना अनोळखी झाली. तेथून हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला.

जोडणीतील चूक केवढी महाग पडू शकते, याचे एक जुने उदाहरण इंग्लंडमधील आहे. २३ ऑगस्ट १९४७ रोजी वुडफर्ड येथे ॲव्रो ट्यूडर जातीचे विमान चाचणीसाठी उडाले आणि लगेच कोसळले. पंखांवरील झडपांच्या नियंत्रक तारा उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. त्यामुळे वैमानिकाने विमान एका बाजूस कलविण्यासाठी दांडा फिरविला की ते दुसऱ्या बाजूस कले. दुसऱ्या महायुद्धातील लँकेस्टर या प्रख्यात बाँबफेकी विमानाचे अभिकल्पक रॉय चॅडविक या अपघातात मृत्यू पावले. येथे भाग योग्य होते, जोडणी चुकली होती. दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, अमेरिकेतील एडवर्ड्‌स वायुसेना तळावर वेगाने थांबणाऱ्या गाडीवरील प्रयोगात मापक उलटे जोडले गेल्याने काहीच मापन मिळाले नाही. त्या प्रयोगाशी संबंधित अभियंता एडवर्ड मर्फी यांच्या नावाने ‘जे चुकीचे होऊ शकते ते कधी ना कधी चुकीचे होणारच’ अशा आशयाचा नियम रूढ झाला. लोक तो आता विनोदाने सांगतात. अभिकल्पकांनी मात्र तो गंभीरपणे घेतला. दोन नळ्यांची तोंडे वेगवेगळ्या व्यासांची ठेवणे, दोन जोडण्यांचे आटे परस्परविरुद्ध दिशांचे करणे, चुकीचा भाग बसूच नये अशी खुंटी ठेवणे, हे उपाय या विचारातून पुढे आले. हे उपाय सर्वत्र योजता येत नाहीत, हे पुढील घटनांवरून दिसून येईल.

सहासष्ट शतांश मिलीमीटर : अयोग्य भागाचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण १० जून १९९० रोजी घडले. ब्रिटिश एअरवेजचे बीएसी वन-इलेव्हन जातीचे विमान इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मॅलगा येथे निघाले होते. त्यात ८१ प्रवासी व ६ कर्मचारी होते. विमान सु. ५,३०० मी. उंचीवर पोहोचले असता कप्तानासमोरील काच स्फोटासारखा आवाज होऊन बाहेर उडाली. आतील दाबाच्या हवेबरोबर कप्तान टिम लँकेस्टर कमरेपर्यंत खिडकीबाहेर ओढले गेले व विमानाच्या छपरावर आपटत राहिले. विमानातील सेवकांनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले. सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन यांनी विमान साउथॅम्प्टन येथे सुखरूप उतरविले. कप्तान मृत झाले असावेत, असे सर्वांना वाटत होते. परंतु ते वाचले आणि पुढे पुन्हा विमान चालवू लागले. कोणीही दगावले नाही, म्हणूनच या घटनेतील प्रत्येक धागा तपास करणाऱ्यांना उलगडता आला.

ही काच २७ तासांपूर्वी रात्रपाळीत बदलण्यात आली होती. ती ९० बोल्टांनी बसविलेली असे. त्यांपैकी ८४ बोल्टांचा व्यास हवा त्यापेक्षा ०·६६ मिमी. ने कमी होता, आणि उरलेले ६ बोल्ट योग्य व्यासाचे, परंतु सु. २·५ मिमी. ने आखूड होते. ०·६६ मिमी. हे अंतर नखाच्या जाडीइतके आहे. तरीही असे बोल्ट नटात बसले कसे, हा प्रश्न साहजिकच उद्‌भवतो. याचे उत्तर आट्यांत होते. योग्य व अयोग्य या दोन्ही बोल्टांना दर इंचास ३२ आटे होते. अंतर सारखे असल्याने बारीक बोल्टाचे आटे नटाच्या आट्यांत टोकाटोकांनी अडकले. पिळताना हाताला विरोध जाणवला आणि काम झाले असे वाटले. जमिनीवर काच हललीही नसती. उंचीवर मात्र आतील हवेचा दाब बाहेरच्या दाबाहून बराच अधिक होतो. ही काच बाहेरून बसविलेली असल्याने तो सारा दाब बोल्टांवर येई. काच आतून बसविली असती, तर दाबाने ती चौकटीवर अधिकच घट्ट बसली असती व बोल्ट चुकले तरी काही बिघडले नसते.

ही चूक नवख्या कारागिराने केली नव्हती. पाळीचा प्रमुख असलेल्या अनुभवी अभियंत्याने माणसे कमी असल्याने हे काम स्वतः हाती घेतले होते. त्याने जुने बोल्ट काढले. ते आखूड जातीचे होते. म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्याने काच बसविली त्यानेही चूकच केली होती, पण ती निभावून गेली होती. त्याने सूचीत क्रमांक न पाहता जुना बोल्ट नमुना म्हणून घेतला. भांडारपालाने या कामी दुसऱ्या क्रमांकाचे बोल्ट वापरतात असे त्याला सांगितलेही होते. परंतु हाती असलेला नमुना त्याला त्या शब्दांपेक्षा अधिक खात्रीचा वाटला. नमुन्यासारखे बोल्ट भांडारात पुरेसे नव्हते. म्हणून तो विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, कोणाची देखरेख नसलेल्या खणांच्या फिरत्या मांडणीकडे गेला. तेथील प्रकाश अंधुक होता. पहाटेची वेळ होती. स्पर्शाने व नजरेने जुळवून त्याने बोल्ट निवडले. ते काचेच्या चौकटीतील खोलगट छिद्रांत किंचित खाली बसत होते, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

नमुना दाखवून तसाच भाग मागण्याची रीत आपल्याकडील कोणत्याही तालुक्याच्या गावी रूढ आहे. बीड किंवा अंबाजोगाई येथील ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जातो आणि शेजारी धरून नवा घेतो. जमिनीवरील यंत्रांसाठी ही रीत पुष्कळदा पुरेशी असते. बोल्ट तुटला तर ट्रॅक्टर शेतात उभा राहतो. ब्रिटनच्या तपास-अहवालाने या अभियंत्यास बेपर्वा ठरवून प्रकरण मिटविले नाही, याचे कारण हेच आहे. चांगला कारागीर म्हणून त्याने आयुष्यभर जी सवय कमावली, तिनेच त्याला फसविले. काच बसविणे हे त्या काळी दुसऱ्या माणसाने तपासावयाच्या कामांत मोडत नव्हते. त्यामुळे त्याने स्वतःचे काम स्वतःच मान्य केले. १९९२ मधील अहवालात या सर्व बाबी एकेक करून मांडल्या आहेत. देखभालीतील मानवी वर्तनाच्या अभ्यासाला त्या अहवालाने जी दिशा दिली, ती पुढील कोणत्याही एका अपघाताने दिली नाही.

जुळणारा, पण दुसऱ्याचा भाग : बोल्टांपेक्षाही फसवा प्रकार म्हणजे एका प्रतिमानाचा भाग दुसऱ्या प्रतिमानात तंतोतंत बसणे. ६ ऑगस्ट २००५ रोजी ट्यूनिंटर या ट्युनिशियाच्या कंपनीचे एटीआर ७२ जातीचे विमान इटलीतील बारीहून जेर्बा बेटाकडे जात असता दोन्ही एंजिने बंद पडून सिसिलीजवळ समुद्रात उतरले. विमानातील ३९ पैकी १६ माणसे मृत्यू पावली. आदल्या रात्री विमानातील इंधनमापक बदलण्यात आला होता आणि त्याच्या जागी एटीआर ४२ या लहान विमानाचा मापक बसविला गेला होता. दोन्ही मापक आकाराने सारखे, जोडण्या सारख्या. इंधनाच्या टाक्या मात्र वेगळ्या. असा मापक टाकीतील संवेदकांकडून येणारे विद्युत्‌संकेत घेतो आणि त्या विशिष्ट टाकीचा आकार गृहीत धरून त्यांचे वजनात रूपांतर करतो. दुसऱ्या टाकीसाठी केलेले गणित येथे लावले गेल्याने प्रत्यक्षात जवळजवळ रिकाम्या असलेल्या टाक्यांत भरपूर इंधन असल्याचे दिसत होते. एंजिने बंद पडली तेव्हाही मापकावर सु. १,८०० किग्रॅ. इंधन दिसत होते. त्यामुळे वैमानिकांनी इंधन संपले असेल ही शक्यता मनात आणली नाही व बंद पडलेली एंजिने पुन्हा सुरू करण्यात वेळ गेला. वस्तुतः एक इशारा आधीच मिळाला होता. पूर्वीच्या नोंदीपेक्षा इंधन अधिक दिसत होते आणि इंधन भरल्याची पावती मात्र सापडत नव्हती. पालेर्मो येथील न्यायालयाने २००९ मध्ये वैमानिकांबरोबर कंपनीच्या तांत्रिक विभागातील व्यक्तींनाही शिक्षा सुनावल्या. वैमानिकांना दिलेली शिक्षा योग्य होती की काय, याविषयी विमानव्यवसायात मतभेद झाले.

याच जातीची, परंतु सुखान्त झालेली घटना २४ ऑगस्ट २००१ ची आहे. एअर ट्रान्सॅट या कॅनडाच्या कंपनीचे एअरबस ए ३३० विमान टोराँटोहून लिस्बनला जात असता अटलांटिक महासागरावर त्याचे सर्व इंधन संपले. सु. १९ मिनिटे एंजिनांविना तरंगत ते अझोर्स बेटांतील लाझेस येथे उतरले आणि त्यातील ३०६ माणसे वाचली. काही दिवसांपूर्वी त्याचे उजवे एंजिन बदलण्यात आले होते. नवे एंजिन जुन्या रचनेचे होते, आणि त्यावर काढलेल्या एंजिनाचा सुधारित रचनेचा हायड्रॉलिक पंप चढविला गेला. या पंपाबरोबर वेगळ्या वळणाची इंधननळी आवश्यक होती; ती बदलली गेली नाही. दोन नळ्यांमध्ये अंतर राहिले नाही, त्या एकमेकींवर घासत राहिल्या आणि इंधननळीला भेग पडली. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे अस्सल व प्रमाणित होता. चुकली ती त्यांची जोडी. संबंधित तांत्रिक पत्रक संगणकावर पाहण्याचा प्रयत्न झाला होता, परंतु ते उघडले नाही आणि काम वेळेत पुरे करण्याची घाई होती.

भाग राहून जाणे हाही याच विषयाचा एक पैलू आहे. ५ मे १९८३ रोजी मायामीहून निघालेल्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या ट्रायस्टार विमानाच्या तिन्ही एंजिनांत तेलातील धातुकण शोधणारे उपकरण रबरी सीलकड्यांशिवाय बसविले गेले होते. तिन्ही एंजिनांतील तेल गळून गेले. एक एंजिन पुन्हा सुरू झाल्याने विमान कसेबसे परतले. एकाच पाळीतील माणसांनी एकच काम तिन्ही एंजिनांवर करू नये, हा संकेत या घटनेनंतर अधिक दृढ झाला. तीन एंजिने असण्याचा हेतूच एक बिघडले तरी दुसरी चालावीत हा असतो. एकच चूक तिन्हींवर केली की तो हेतू नाहीसा होतो. २० ऑगस्ट २००७ रोजी जपानमधील नाहा येथे उतरलेल्या चायना एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानास एक वॉशर न बसविल्यामुळे आग लागली. पंखाच्या आतील एक बोल्ट निखळून इंधनाच्या टाकीत घुसला होता. विमान जळून गेले. प्रवासी वेळेत बाहेर पडले.

जीवितहानीच्या दृष्टीने सर्वांत भीषण ठरलेला अपघात दुरुस्तीतील एका पट्टीमुळे झाला. जपान एअर लाइन्सच्या बोइंग ७४७ विमानाची शेपूट २ जून १९७८ रोजी ओसाका येथे उतरताना धावपट्टीवर घासली होती. मागील दाबरोधक भिंतीची दुरुस्ती बोइंग कंपनीच्या पथकाने केली. ती करताना आराखड्यात दाखविलेली सलग सांधपट्टी न वापरता ती दोन तुकड्यांत बसविली गेली. त्यामुळे जो भार रिव्हेटांच्या दोन ओळींनी वाहावयाचा, तो एकाच ओळीवर आला. सात वर्षे काही झाले नाही. धातूला शिणवटा येत गेला, भेगा वाढत गेल्या आणि १२ ऑगस्ट १९८५ रोजी भिंत फुटून पुच्छाचा मोठा भाग उडून गेला. नियंत्रण नाहीसे झालेले विमान डोंगरावर आदळले. ५२० माणसे मृत्यू पावली व केवळ चार वाचली. एका विमानाच्या अपघातातील ही सर्वाधिक जीवितहानी आहे.

बनावट व अप्रमाणित भाग : वरील सर्व चुका प्रामाणिक माणसांच्या होत्या. या विषयाची दुसरी बाजू व्यापाराशी निगडित आहे. विमानाचा लहानसा भागही महाग असतो, कारण किमतीतील मोठा हिस्सा त्याच्या चाचणीचा व नोंदींचा असतो. भंगारात काढलेल्या विमानांचे भाग स्वच्छ करून, खोट्या कागदांसह पुन्हा विकण्याचा मोह त्यामुळे निर्माण होतो. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हँबुर्गला निघालेले पार्टनेअर या नॉर्वेच्या कंपनीचे कॉन्व्हेअर ५८० विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ५५ माणसे मृत्यू पावली. त्यांत बहुसंख्य एका नौवहन कंपनीचे कर्मचारी होते. पुच्छाचा उभा पंख धरून ठेवणाऱ्या खिळींपैकी काही अप्रमाणित व अपुऱ्या कठिनतेच्या असल्याचे समुद्रातून काढलेल्या अवशेषांवरून दिसून आले. या अपघातानंतर अमेरिकेत व यूरोपात संशयित भागांची नोंद व तपासणी करणारी स्वतंत्र व्यवस्था उभारण्याच्या हालचालींना वेग आला.

पॅरिसजवळ २५ जुलै २००० रोजी झालेल्या काँकॉर्डच्या अपघातात अप्रमाणित भाग दुसऱ्याच विमानाचा होता. धावपट्टीवर पडलेल्या सु. ४३ सेंमी. लांबीच्या धातूच्या पट्टीने काँकॉर्डचा टायर फाटला, त्याचे तुकडे पंखातील टाकीवर आदळले आणि आग लागली. विमानातील १०९ व जमिनीवरील ४ माणसे मृत्यू पावली. ही पट्टी थोड्या वेळापूर्वी उडालेल्या अमेरिकन कंपनीच्या डीसी-१० विमानाची होती आणि निर्मात्याने सांगितलेल्या पोलादाऐवजी टिटॅनियमची बनविलेली होती. फ्रान्समधील कनिष्ठ न्यायालयाने २०१० मध्ये कंपनी व तिचा एक कर्मचारी यांना दोषी ठरविले. वरिष्ठ न्यायालयाने २०१२ मध्ये ही फौजदारी जबाबदारी रद्द केली. एका पट्टीच्या धातूवरून गुन्हा ठरवावा काय, हा प्रश्न कायद्याला अवघड जातो, हे या प्रकरणात स्पष्ट झाले.

महाराष्ट्र व भारत : महाराष्ट्रात विमान देखभालीची मोठी केंद्रे आहेत. एअर इंडियाची अभियांत्रिकी कार्यशाळा मुंबईतील सांताक्रूझ येथे वाढली. नासिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. तेथे मिग-२१ व त्यानंतर मिग-२७ आणि सुखोई-३० विमाने तयार झाली. भारतीय वायुसेनेचा दुरुस्ती-तळही ओझर येथेच आहे. नागपूरच्या मिहान प्रकल्पात बोइंग कंपनीने उभारलेले दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये एअर इंडियाच्या ताब्यात आले. सोव्हिएट संघाचे १९९१ मध्ये विघटन झाल्यावर मिग विमानांच्या भागांचा पुरवठा एका देशाकडून येण्याऐवजी अनेक नव्या देशांतून व मध्यस्थांमार्फत होऊ लागला, आणि भाग कोठून आला याची शहानिशा करणे हे भारतीय तंत्रज्ञांपुढील एक स्वतंत्र काम होऊन बसले.

अपघात झाला की वृत्तपत्रांत ‘तांत्रिक बिघाड’ हा शब्द लगेच येतो. तो फार सैल आहे. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान एंजिनातील संपीडकाची चकती फुटल्याने आग लागून सांताक्रूझ येथे कोसळले आणि ९५ माणसे मृत्यू पावली. चकतीला शिणवट्याने भेग पडली होती. भाग योग्यच होता. तो आतून थकला होता. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळून २१३ माणसे गेली. कप्तानासमोरील क्षितिजदर्शक उपकरण बिघडले होते आणि अंधाऱ्या रात्री त्यावर विसंबून विमान चुकीच्या दिशेने कलविले गेले. उपकरण बनविणाऱ्या व विमान बनविणाऱ्या कंपन्यांवरील दावे अमेरिकेतील न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळले.

मराठवाड्यातील लोकांच्या स्मरणात असलेला अपघात तर देखभालीशी संबंधितच नव्हता. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील चिकलठाणा विमानतळावरून उडणारे इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेल्या ट्रकवर आदळले. त्याचे डावे चाक व एंजिन ट्रकला लागले, पुढे विमान उच्च दाबाच्या विद्युत्‌तारांत सापडून पडले. ११८ पैकी ५५ माणसे मृत्यू पावली. विमान उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलणे ही वैमानिकांची चूक आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित न करणे ही राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाची चूक, अशी कारणे चौकशीत निश्चित झाली. बीड, जालना या भागांत हा अपघात अजूनही ‘विमान बिघडले’ अशाच शब्दांत सांगितला जातो. विमानात काही बिघडले नव्हते. कारणांचे असे सरसकटीकरण निरुपद्रवी नाही. बिघाड म्हटला की तंत्रज्ञाकडे बोट दाखविले जाते, आणि रस्ता जसाच्या तसा राहतो.

देखभालीतील चुकीचे अलीकडचे व स्वच्छ उदाहरण ९ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत घडले. अलायन्स एअरचे एटीआर ७२ विमान भूजकडे उडताना एंजिनावरील झाकण सुटून धावपट्टीवर पडले. देखभालीनंतर झाकणाच्या खिट्ट्या नीट लावल्या गेल्या नव्हत्या. विमान भूजला सुखरूप उतरले. येथेही चुकीच्या भागाचा संबंध नव्हता, परंतु चूक त्याच कुळातील होती. खिट्टी लागली आहे असे दुरून दिसते. ती खरोखर लागली की नाही, हे जवळ जाऊन हात लावल्याशिवाय कळत नाही.

भारतात विमान देखभालीचा कायदेशीर पाया भारतीय विमान अधिनियम, १९३४ व विमान नियमावली, १९३७ यांनी घातला. त्यानुसार परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याच्या सहीशिवाय विमान उड्डाणास योग्य ठरत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हे परवाने देते आणि कार्यशाळा व भांडारे यांची तपासणी करते. अपघातांच्या चौकशीसाठी २०१२ मध्ये वेगळा विभाग स्थापन झाला. १९३४ च्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ या कायद्याने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे.

सहीचा प्रश्न : या साऱ्या व्यवस्थेचे ओझे अखेर एका सहीवर येऊन पडते. ती करणारा अभियंता प्रत्येक बोल्ट स्वतः पाहू शकत नाही. तो सहकाऱ्यावर, भांडारावर व प्रमाणपत्रावर विश्वास ठेवतो. जुन्या पद्धतीत चूक झाली की त्याचा परवाना काढून घेत आणि प्रकरण संपे. याचा परिणाम असा होई की, ज्याच्या हातून थोडक्यात चूक टळली तो गप्प बसे. १९९० नंतर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या विवेचनाचा प्रभाव पडून संघटनेतील दोषांकडे लक्ष वळले. १९९३ च्या सुमारास कॅनडात गॉर्डन ड्यूपाँट यांनी देखभालीत चुका घडविणाऱ्या बारा कारणांची यादी केली. थकवा, घाई, माहितीचा अभाव, दडपण, सवयीतून येणारी निष्काळजी यांचा तीत समावेश आहे. भारतातील प्रशिक्षणातही ही यादी शिकविली जाते. चूक कबूल करणाऱ्यास शिक्षा होणार नाही असा विश्वास मात्र पाठ्यपुस्तकातून येत नाही. जेथे नोकरीची टंचाई व अधिकाऱ्यांचा वचक असतो, तेथे तो रुजण्यास वेळ लागतो.

कागदाची जागा संगणकीय नोंदींनी घेतल्यावर भागांचा माग काढणे सोपे झाले. परंतु २००५ मधील सिसिलीजवळच्या अपघातात संगणकीय सूचीतील चुकीची नोंदच कारणीभूत ठरली होती. दुसऱ्या विमानाचा मापक त्या सूचीत चालण्याजोगा दाखविला गेला होता. बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्नही संपलेला नाही. लंडनमधील एका पुरवठादाराने जगभर वापरल्या जाणाऱ्या सीएफएम ५६ या एंजिनाचे भाग खोट्या कागदांसह अनेक कंपन्यांना विकल्याचे २०२३ मध्ये उघडकीस आले. पोर्तुगालमधील एका दुरुस्ती कार्यशाळेतील तंत्रज्ञांना एक भाग कागदावर दाखविलेल्यापेक्षा जुना वाटला, म्हणून त्यांनी प्रमाणपत्रावर ज्याचे नाव होते त्या निर्मात्याकडे चौकशी केली. ते प्रमाणपत्र आपले नाही, असे उत्तर आले. त्यानंतर निरनिराळ्या देशांतील विमान कंपन्यांना एंजिने उतरवून ते भाग शोधून काढावे लागले.